पंचावन्न गोलांचा हिवाळा

"दहाचं सगळेच विचारतात. पंचावन्नाचं कुणी विचारत नाही."

शेजारच्या सीटवरचे आजोबा एवढंच बोलले आणि हातातल्या कागदी कपाकडे वळले. कपात बोव्हरिल होतं. मांसाच्या अर्काचं गरम, खारट, काळपट पेय. थंडीतल्या सामन्याला इकडची जुनी माणसं चहाऐवजी तेच घेतात. इंग्लंडातल्या लूटन गावच्या केनिलवर्थ रोड मैदानावर हाफटाइम चालू होता, घरचा संघ एका गोलाने मागे होता, आणि पाऊस असा आडवा येत होता की छपराखाली बसूनही गुडघे भिजले होते. मी त्यांना लूटनच्या एका जुन्या खेळाडूबद्दल, १९३० च्या दशकातल्या 'जो पेन'बद्दल विचारलं होतं. त्यांचे वडील व्हॉक्सहॉलच्या मोटार कारखान्यात होते आणि याच मैदानात उभं राहून त्यांनी पेनला खेळताना पाहिलं होतं, हे बोलण्याच्या ओघात निघालं, मग मला राहवलं नाही. मला अर्थातच त्याच्या दहा गोलांच्या त्या एका सामन्याची गोष्ट हवी होती. ते उत्तर देऊन मोकळे झाले, शिटी वाजली, सगळे उभे राहून ओरडायला लागले आणि विषय तिथेच राहिला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण आपल्या घरातल्या माणसाचं मोठेपण बाहेरचे भलत्याच कारणासाठी सांगत असले की आवाजात जो शिणवटा येतो, तो होता. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आधी दहाचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १३ एप्रिल १९३६, ईस्टरचा सोमवार. तेव्हा इंग्लिश लीगची तिसरी डिव्हिजन, म्हणजे तिसरी पायरी, उत्तर आणि दक्षिण अशा दोन विभागांत खेळायची. त्यातल्या दक्षिण विभागात लूटन टाउनची गाठ ब्रिस्टल रोव्हर्सशी होती. ईस्टरच्या त्या चार दिवसांत तेव्हा दोन-दोन, तीन-तीन सामने उरकले जायचे, त्यामुळे सोमवार उजाडेपर्यंत प्रत्येक संघात कुणाचा गुडघा सुजलेला तर कुणाचा घोटा मुरगळलेला. लूटनचे नेहमीचे दोन्ही सेंटर-फॉरवर्ड, म्हणजे सर्वांत पुढे मधोमध उभं राहून गोल मारणारे, जायबंदी होते. मग राखीव हाफ-बॅक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू असलेल्या बावीस वर्षांच्या जो पेनला पुढे उभं केलं गेलं. पहिल्या संघात सेंटर-फॉरवर्डच्या जागेवर त्याचा हा पहिलाच सामना. त्यात त्याने दहा गोल केले. मध्यंतरापर्यंत तीन, नंतर सात. लूटन १२-० ने जिंकलं. इंग्लिश लीगच्या एका सामन्यात एकट्या खेळाडूने इतके गोल त्याआधी केले नव्हते, आणि आजतागायत कुणी केलेले नाहीत. त्यातला एक गोल आधी सहकाऱ्याच्या नावावर धरला गेला होता, म्हणजे पेनचे नऊच होत होते. पण सहकाऱ्याचा पाय लागायच्या आधीच पेनचा चेंडू रेषेपलीकडे गेला होता असं पंचांनी नंतर सांगितलं, अशी हकिगत आहे.

ही गोष्ट इतकी भरगच्च आहे की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावंसंच वाटत नाही. खाणीतून आलेला पोरगा, अचानक मिळालेली संधी, आणि एका दुपारीत कायमचं नाव. इंग्लंडात त्याचं टोपणनावही तेच पडलं, 'टेन-गोल पेन'. पण या गोष्टीत नशिबाचं माप फार मोठं आहे. दोन माणसं जायबंदी झाली नसती तर काहीच घडलं नसतं, असा तिचा सूर आहे, आणि तो ऐकणाऱ्याला सुखावतो, कारण मग आपलीही अशी एखादी दुपार कधीतरी येईल असं वाटायला वाव राहतो. मला या सुराचीच अडचण वाटायला लागली. एका दुपारी नशीब फळफळू शकतं. पुढचे आठ-नऊ महिने दर शनिवारी ते फळफळत नाही.

पेन १९१४ चा. डर्बीशायरमध्ये चेस्टरफील्डजवळच्या ब्रिमिंग्टनचा. तो सगळा पट्टा कोळशाचा. खाणीत काम, आणि खाणीच्याच संघातून, बोल्सोव्हर कोलियरीकडून, फुटबॉल. त्या भागात एक म्हण होती: सेंटर-फॉरवर्ड हवा असेल तर खाणीच्या तोंडाशी उभं राहून शीळ घाला, एखादा वर येईल. १९३४ मध्ये पेन असाच वर आला आणि लूटनने त्याला घेतलं. काही काळ त्याला बिगल्सवेड टाउन या लहान क्लबकडे धाडून दिलं. तेव्हा इंग्लंडात खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती. हंगामात आठवड्याला आठ पौंड, उन्हाळ्यात सहा. त्याच्या वर कुणालाच नाही, मग तो देशातला सर्वांत मोठा खेळाडू का असेना. आणि तिसऱ्या डिव्हिजनच्या राखीव खेळाडूला तर ही मर्यादाही लांबून पाहावी लागायची. तरीही जमिनीखालच्या कामापुढे हे काम उघड्या हवेतलं होतं. चिखल असेल, पण आभाळाखालचा चिखल.

मी कोल्हापूरचा आहे, त्यामुळे कामगाराच्या फुटबॉलचं मला अप्रूप नाही, ते मला ओळखीचं आहे. आमच्या पेठेतल्या तालमीचा सेंटर-फॉरवर्ड उद्यमनगरात लेथवर काम करायचा. शाहू स्टेडियमवर सामना असला की तो कारखान्यातून थेट यायचा. नखांत काळं तेल, शर्टाला कूलंटचा वास, आणि बूट सायकलच्या हँडलला लटकवलेले. त्याचा एक गोल पेठेत आजही सांगितला जातो, शेजारच्या पेठेविरुद्धचा, कोपऱ्यातून, जवळजवळ अशक्य कोनातून मारलेला. गणपतीच्या मांडवात, लग्नात, कुणाच्या बाराव्यालाही तो गोल निघतो. मला मात्र तो माणूस आठवतो तो एप्रिलच्या उन्हातला. तापलेली, टणक जमीन, पडलं की कोपर सोलून निघायचं, पाठीवर सतत एक बचावपटू, आणि हा चेंडू अंगावर घेऊन बाजूच्या पोराला देतोय, पुन्हा पळतोय, पुन्हा घेतोय. नव्वद मिनिटांत टाळ्यांचं एकही काम नाही. सामना १-० जिंकलेला असायचा आणि तो एक गोल दुसऱ्याच्याच नावावर असायचा. हे असलं काम मांडवात सांगायला घेतलं तर लोक उठून जातील. सांगण्यासारखं त्यात काही नसतं, आणि संघ मात्र त्यावरच उभा असतो. लूटनच्या आजोबांचं वाक्य मला इतकं का लागलं, याचं मूळ बहुधा इथे आहे.

आता त्या काळाचंही थोडं बोलायला हवं. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मधे प्रतिस्पर्ध्यांचे तीन जण लागायचे, नंतर दोन पुरे झाले. बचावाची जुनी घडी विस्कटली आणि इंग्लंडभर गोलांचा पाऊस पडला. मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने १९२६-२७ च्या हंगामात दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ५९ गोल केले, पुढच्याच वर्षी एव्हर्टनच्या डिक्सी डीनने पहिल्या डिव्हिजनमध्ये ६०. त्यावर उतारा म्हणून संघांनी मधल्या फळीच्या मध्यावरच्या खेळाडूला, सेंटर-हाफला, बचावात मागे ओढला आणि त्याला एकच काम दिलं: समोरच्या सेंटर-फॉरवर्डला सोडायचं नाही. म्हणजे पेन आला तोवर फॉरवर्डची चैन संपत आली होती. प्रत्येक गावात एक धिप्पाड माणूस त्याची वाट पाहत उभा असायचा. कातडी चेंडू पावसात पाणी पिऊन जड व्हायचा आणि त्याची वादीची शिवण कपाळावर लागली की वळ उठायचा.

पेनच्या विक्रमाला एक धाकधूक लावणारी जोडकथाही आहे. त्याच हंगामात, २६ डिसेंबर १९३५ ला, तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर विभागात ट्रॅनमिअर रोव्हर्सने ओल्डहॅमला १३-४ ने हरवलं. आदल्याच दिवशी, नाताळाला, ओल्डहॅमने याच ट्रॅनमिअरचा ४-१ असा पराभव केला होता. चोवीस तासांनी झालेल्या या सामन्यात ट्रॅनमिअरचा बनी बेल एकटा नऊ गोल करून गेला. लीगचा नवा विक्रम. आणि त्याच सामन्यात त्याने एक पेनल्टी दवडली. तेव्हा ती कुणाला सलली असेल? तेरा गोल झालेत, नऊ एकट्याचे आहेत, एक पेनल्टी गेली तर गेली. चार महिन्यांच्या आत लूटनच्या राखीव हाफ-बॅकने दहा मारले आणि ती पेनल्टी एकदम जड झाली. बेल तोवर एव्हर्टनला गेला होता. तिथे त्याच्यापुढे डिक्सी डीन, आणि थोड्याच दिवसांत मागून आलेला टॉमी लॉटन. मधे बेलला जागा उरली नाही. पहिल्या डिव्हिजनमध्ये मोजके सामने त्याच्या वाट्याला आले. मला बेलबद्दल फार वाटतं. पेनल्टी घेण्यापूर्वी त्याने चेंडू नीट ठेवला असेल, दोन पावलं मागे गेला असेल, आणि तो क्षण त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदी दुपारचा एक भाग असेल. त्या दुपारचा हिशेब लोकांनी नंतर बदलून टाकला.

पेनच्या दहांचाही हिशेब लोक मांडत नाहीत तो असा: तेव्हा विजयाला दोन गुण मिळायचे. १-० ने जिंका की १२-० ने, गुण दोनच. आणि दक्षिण विभागातून वर, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, जायचा तो एकटा विजेता. १९३५-३६ च्या त्या हंगामात कॉव्हेंट्री पहिलं आलं, लूटन दुसरं. फरक एका गुणाचा.

दहा गोल झाले, आणि लूटन होतं तिथेच राहिलं.

मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गुणतक्ता पाहत बसलो होतो. ज्या सामन्याने पेन अजरामर झाला त्याच सामन्याच्या हंगामात त्याच्या संघाचं काम झालं नव्हतं. ते काम झालं पुढच्या वर्षी. ऑगस्ट १९३६ मध्ये नवा हंगाम सुरू झाला तेव्हा पेन कुणी अनोळखी पोरगा नव्हता. बावीस संघांच्या त्या विभागात प्रत्येक सेंटर-हाफने त्याचं नाव ऐकलेलं, प्रत्येक मॅनेजरने त्याच्यासाठी काही ना काही ठरवून ठेवलेलं. एक्झेटर, टॉर्की, न्यूपोर्ट, गिलिंगहॅम, वॉल्सॉल, साउथएंड; समुद्राकाठच्या वाऱ्यात एकदा, कारखान्यांच्या धुरात एकदा, रेल्वेने जायचं आणि रात्री परत. ब्रिस्टल रोव्हर्सही पुन्हा दोनदा समोर आलेच. या हंगामात पेन ३९ सामने खेळला आणि त्याने ५५ गोल केले. लूटनचे एकूण गोल १०३, म्हणजे निम्म्याहून जास्त एकट्याचे. लूटन ५८ गुणांनी पहिलं आलं. मागे ५६ वर नॉट्स काउंटी, ज्यांच्याकडे स्कॉटलंडचा ह्यूई गॅलाकर होता, वय झालेला पण दरारा कायम असलेला. फरक दोन गुणांचा, एका विजयाचा. म्हणजे त्या ५५ मधले मोजकेच काही, कोंदट जानेवारीतल्या बरोबरीत जाऊ पाहणाऱ्या सामन्यांत ढोपराने का होईना आत ढकललेले, लूटनला वर घेऊन गेले असू शकतात. लूटन १९०० नंतर पहिल्यांदा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पोचलं.

पंचावन्न म्हणजे काय, हे समजायला तो दर आठवड्याला कसा जगत असेल याचा विचार करावा लागतो. शनिवारी एक किंवा दोन गोल. रविवारी नडग्यांवरचे काळेनिळे डाग मोजायचे. मंगळवारी सराव. पुढच्या शनिवारी पुन्हा पाठीवर एक जण, आणि स्टँडमधून कुणीतरी ओरडणार, दहा मार की आज! प्रत्येक गावात. दोन गोल केले तरी आठ कमी पडले असं वाटणाऱ्या लोकांसमोर तो आठ महिने खेळला. त्याला ते कसं वाटत असेल? तिसऱ्या डिव्हिजनच्या सामन्यांना तेव्हा कॅमेरे क्वचितच यायचे, त्यामुळे या ५५ मधला एकही गोल मला पाहायला मिळालेला नाही. तो उजव्या पायाने मारताना खांदा कसा झुकवायचा, हेडरसाठी आधी उडायचा की उशिरा, गोल झाल्यावर हात वर करायचा की सरळ मधल्या वर्तुळाकडे चालू लागायचा, हे ज्यांनी पाहिलं ती माणसं गेली. मागे राहिला आकडा. पण मला त्यातल्या त्यात हा आकडा जास्त खरा वाटतो. दहामध्ये ती दुपार बोलते. पंचावन्नामध्ये पेन बोलतो.

आणि याच हंगामात, उत्तर विभागात, मॅन्सफिल्ड टाउनच्या टेड हार्स्टननेही बरोबर ५५ गोल केले.

हा योगायोग वाचला तेव्हा अंगावर काटा आला. दोन विभाग, दोन सेंटर-फॉरवर्ड, एकच आकडा. त्यातही पेन ज्या बोल्सोव्हरच्या खाणीकडून खेळला, तिथून मॅन्सफिल्ड काही मैलांवर. तोच कोळशाचा पट्टा. इंग्लिश लीगच्या एका हंगामातल्या गोलांची यादी काढली तर डीन, कॅमसेल आणि त्यांच्या खाली हे दोघे शेजारी-शेजारी उभे आहेत. पण हार्स्टनकडे सांगायला दहा गोलांची दुपार नव्हती. त्याचा संघ गुणतक्त्याच्या मधेच राहिला. १९३७ मध्ये लिव्हरपूलने त्याला विकत घेतलं, तिथे तो अवघे पाच सामने खेळला, दुखापतीने मोठ्या मैदानावरचा त्याचा खेळ संपवला. पेनचं नाव मला ठाऊक होतं. हार्स्टनचं नाव पेनच्या मागे जात असताना सापडलं. ज्याच्याकडे फक्त पंचावन्न आहेत त्याचं काय होतं, याचं उत्तर हार्स्टन आहे.

पेनला पुढे मान मिळाला, पण हातावर मोजण्याइतका. २० मे १९३७ ला हेलसिंकीत फिनलंडविरुद्ध इंग्लंडने ८-० असा विजय मिळवला, त्यात पेनचे दोन. इंग्लंडकडून तो त्यानंतर कधीच खेळला नाही. एक सामना, दोन गोल. लूटनसाठी लीगमध्ये ७२ सामन्यांत ८३ गोल करून १९३८ मध्ये तो चेल्सीला गेला, पाच हजार पौंडांना. पहिल्या डिव्हिजनमध्येही तो गोल करत होता, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनच्या दुबळ्या बचावावर तो मोठा झाला हा आक्षेपही टिकत नाही. आणि सप्टेंबर १९३९ मध्ये तीन सामन्यांनंतर लीग बंद पडली. पेन पंचवीस वर्षांचा होता. सेंटर-फॉरवर्डची उमेदीची वर्षं युद्धकाळातल्या तात्पुरत्या स्पर्धांमध्ये गेली, ज्यांचे गोल अधिकृत खात्यात धरत नाहीत. एप्रिल १९४४ मध्ये वेम्बलीवर चेल्सी आणि चार्लटन यांच्यात युद्धकाळातल्या दक्षिणेच्या कपाची अंतिम लढत झाली, चेल्सी ३-१ ने हरलं, चेल्सीचा एकमेव गोल पेनचा, आणि कप द्यायला हजर होते जनरल आयझेनहॉवर. दोन महिन्यांनी त्यांच्या फौजांना नॉर्मंडीवर उतरायचं होतं. त्या गोलालाही खात्यात जागा नाही. घोट्याच्या दुखापतींनी पुढे त्याला खिळखिळं केलं, युद्धानंतर वेस्ट हॅमकडे तो दहा लीग सामने खेळला, सहा गोल केले, आणि थांबला. दुखऱ्या घोट्यानेही दहात सहा. मला हा आकडासुद्धा आवडतो.

केनिलवर्थ रोड आता 'बरी पार्क' नावाच्या वस्तीच्या मधोमध आहे. मिठाईची दुकानं, कापडाची दुकानं, मशिदी, तंदूरचा धूर, आणि मधेच रांगेतल्या घरांच्या विटांमध्ये मैदानाचं प्रवेशद्वार. ओक रोडच्या बाजूने आत जाताना लोखंडी जिना चढावा लागतो, आणि खाली लोकांच्या परसातल्या वाळत घातलेल्या चादरी, मुलांच्या सायकली दिसतात. २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगचे मोठमोठे संघ याच जिन्याशेजारून आत आले. १९०५ पासूनचं हे मैदान आता जाणार आहे. गावात पॉवर कोर्टला पंचवीस हजारांचं नवं मैदान उभारायला २०२४ च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली. मला त्याचं वाईट वाटतं आणि वाटतही नाही. भिजलेले गुडघे आणि खांबाआड जाणारा गोल यांवर प्रेम करणं पाहुण्याला सोपं असतं, दर शनिवारी येणाऱ्याला कोरडी सीट हवी असते. नव्या भिंतींवर जुना इतिहास रंगवला जाईलच. दहाचा आकडा तर येणारच, तो आल्याशिवाय राहायचा नाही, आणि यावाही. त्याच्या शेजारी मला ५५ हवा आहे, तितक्याच मोठ्या अक्षरांत. आणि जागा असेल तर १०३ सुद्धा, म्हणजे त्या हिवाळ्यात बाजूने पळत जाऊन पेनला चेंडू घालणारे बाकीचे दहा जणही त्यात येतील.